लॅपटॉपचं ग्राफिक्स तापतंय, मदरबोर्ड पुन्हा पुन्हा जातोय: खान्देशच्या उन्हात वॉरंटी कशी वसूल करायची

जळगाव, भुसावळ, धुळे पट्ट्यात लॅपटॉप तापतो म्हणून तक्रार केली की समोरून ठरलेलं उत्तर येतं: "साहेब, बाहेर पंचेचाळीस आहे, तापणारच." हे उत्तर अर्धं खरं आहे, म्हणूनच खोडायला अवघड. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात लॅपटॉप चालवण्यासाठी सभोवतालच्या हवेची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस छापलेली असते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत दुपारी तापमान चाळिशी ओलांडतं. त्या वेळी काढलेला स्क्रीनशॉट तुमच्यापेक्षा कंपनीच्याच कामाचा.

म्हणून सगळी मोजणी पहाटे किंवा रात्री उशिरा, खोली ३५ च्या आत असताना करा. टेबलावर साधा डिजिटल तापमापक ठेवा, लॅपटॉपच्या गरम झोतापासून हातभर लांब, आणि त्याचा आकडा पडद्याच्या प्रत्येक फोटोत येऊ द्या.

मोजायचं काय

विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ते फक्त सेन्सर दाखवण्याच्या पर्यायावर सुरू करून लॉगिंग चालू करा, म्हणजे दर दोन सेकंदांची नोंद फाइलमध्ये जमा होते. पाहायचे आकडे: जीपीयूचं (ग्राफिक्सच्या चिपचं) तापमान, हॉट स्पॉट (चिपवरचा सगळ्यात तापलेला बिंदू), क्लॉक (चिपचा वेग), पॉवर किती वॅट, पंख्याचा वेग (काही मॉडेल तो दाखवत नाहीत) आणि 'परफॉर्मन्स लिमिट – थर्मल' ही ओळ (उष्णतेमुळे वेग अडवला जातोय का ते ती सांगते). दहा मिनिटं मशीन मोकळं ठेवा, मग अर्धा तास लोड द्या. लोडसाठी एखाद्या गेमचा बेंचमार्क किंवा थ्रीडीमार्क चांगला. फरमार्क टाळलेला बरा. तो कार्डाला नेहमीच्या वापरात कधीच येत नाही एवढा भार देतो आणि इंजिनिअरला आयतं कारण मिळतं.

गेमिंग लॅपटॉपचा जीपीयू लोडवर ७० ते ८५ अंशांत असणं नेहमीचं. ८७ च्या आसपास बहुतेक एनव्हिडिया लॅपटॉप स्वतःहून क्लॉक उतरवतात. हॉट स्पॉट त्याहून १०-१५ अंशांनी वर असतो. हा फरक २५ च्या पुढे गेला तर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) चिपवर नीट टेकलेला नाही किंवा मधली थर्मल पेस्ट कडेला सरकली आहे असं समजा. सीपीयू क्षणभर ९५ ला टेकला म्हणून घाबरू नका. आजचे प्रोसेसर तसेच बनवलेले आहेत.

नुसत्या तापमानापेक्षा उपयोगाचा आकडा म्हणजे वाढ: जीपीयूच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा. खोली ३०, जीपीयू ७८, तर वाढ ४८. वॅट आणि पंख्याचा वेग तोच असेल तर ही वाढ जानेवारीत आणि मे महिन्यात जवळपास सारखीच राहते. नवं मशीन घेतल्याच्या आठवड्यातच ती लिहून ठेवा. पुढे त्याच वॅटला ती ४८ ची ६० झाली, तर दोष उन्हाचा नाही. धूळ, पंखा किंवा पेस्ट यांपैकी काहीतरी बिघडलं आहे, आणि "बाहेर पंचेचाळीस आहे" या उत्तराला हा आकडा पुरेसा आहे.

चाचणी कंपनीच्याच चार्जरवर आणि थेट विजेवर घ्या, इन्व्हर्टरवर नको. २३० वॅटचा चार्जर लागणाऱ्या मशीनला ६५ वॅटचा टाइप-सी लावला तर क्लॉक पडतोच. त्याचा उष्णतेशी संबंध नाही. लोडशेडिंगमध्ये मशीन बॅटरीवर गेलं की जीपीयूची पॉवरही उतरते, तेवढी नोंद बाद धरा.

तापणं वेगळं, बिघडणं वेगळं

गेम अडखळतो, पंखे ओरडतात, पण मशीन थंड झालं की सगळं सुरळीत: ही उष्णतेची तक्रार. रंगीत ठिपके, चौकटी, रेघा दिसतात, स्क्रीन काळी होते, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डापुढे कोड ४३ येतो, आणि हे मशीन थंड असतानाही होतं: ही चिप किंवा ग्राफिक्स मेमरी जात असल्याची लक्षणं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडा. ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देईना म्हणून विंडोजने तो पुन्हा सुरू केला. विंडोज त्यासाठी दोनच सेकंद वाट पाहते. अशा नोंदी तारीख-वेळेसह जतन करा.

बाहेरचा मॉनिटर लावून पाहा, पण निष्कर्ष जपून काढा. बऱ्याच गेमिंग मॉडेलमध्ये लॅपटॉपचा पडदा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतो आणि एचडीएमआय थेट वेगळ्या कार्डाला जोडलेलं असतं. त्यामुळे रेघा फक्त बाहेरच्या मॉनिटरवर आल्या तर संशय कार्डावर, फक्त आतल्या पडद्यावर आल्या तर आधी पॅनेल आणि त्याची केबल.

कंपनीची स्वतःची तपासणीही चालवा. डेलमध्ये मशीन सुरू होताना एफ १२, एचपीमध्ये एफ २ दाबून ती मिळते. त्यात त्रुटीचा कोड आला तर फोटो काढा, त्यावर सपोर्टवाले वाद घालत नाहीत. मात्र 'पास' आलं म्हणून कार्ड ठणठणीत आहे असं नाही, कारण या चाचण्या ग्राफिक्सवर फारसा भार टाकत नाहीत.

वॉरंटी न मोडता घरी काय करता येतं

मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचला. खालच्या जाळीला हवा मिळाली की फरक लगेच दिसतो. गादीवर किंवा सतरंजीवर ठेवून चालवणं बंद. फ्रेम रेट ६० वर बांधला तर जीपीयूचे वॅट उतरतात, आणि वॅट उतरले की तापमान उतरतंच. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की टर्बो (प्रोसेसरचा वाढीव वेग) थांबतो. सीपीयू आणि जीपीयूचे उष्णता वाहून नेणारे पाइप एकत्र असलेल्या मशीनमध्ये त्याचा फायदा जीपीयूलाही होतो. मे महिन्यापुरतं एवढं केलं तरी पुष्कळ.

कूलरसमोर लॅपटॉप ठेवू नका. गार वाटतं, पण वाऱ्याबरोबर बारीक तुषार येतात आणि आपल्याकडच्या जड पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. पुढे इंजिनिअरला बोर्डावर पांढरे डाग दिसले की 'लिक्विड डॅमेज' असा शेरा पडतो आणि वॉरंटी तिथेच संपते. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, समोरची खिडकी उघडी, ही मांडणी ठीक.

जिनिंगच्या हंगामात रुईचे तंतू घरात येतात. ते धुळीत मिसळून हीटसिंकच्या पात्यांवर आतून, पंख्याच्या बाजूने बसतात. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि आत वाट बंद. हाताने दाबायच्या रबरी ब्लोअरने, मशीन बंद करून, बाहेरूनच हवा मारा. पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर नको: त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि त्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

आतून सफाई आणि नवी थर्मल पेस्ट कंपनीकडूनच मागा. काही मॉडेलमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. ते वीज वाहून नेतं, एक थेंब बाजूला गेला तर बोर्ड गेला.

चिपला हीट गनने गरम करून किंवा रीबॉलिंग करून (खालचे सोल्डरचे गोळे बदलून) 'जिवंत' करणाऱ्या दुकानात वॉरंटी चालू असताना जाऊच नका. सील तुटतं हा एक भाग झाला. दुसरा भाग असा, की तडा बहुतेकदा चिपखालच्या मोठ्या गोळ्यांत नसून सिलिकॉन आणि त्याच्या तळपट्टीमधल्या सूक्ष्म जोडांत असतो. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडावी तसे हे जोड तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी तुटतात. गरम केल्यावर ते तात्पुरते चिकटतात आणि काही आठवड्यांत परत सुटतात.

उत्पादनातला दोष असा असू शकतो हे कंपन्यांनीच मान्य केलेलं आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉप चिपच्या पॅकेजिंगमधल्या कमकुवत साहित्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. तेव्हा डेल आणि एचपी यांनी पंखे जास्त फिरवणारे बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) दिले आणि वॉरंटीही वाढवली. ॲपलने जीफोर्स ८६००एम जीटीच्या मॅकबुक प्रोंची मोफत दुरुस्ती केली, आणि २०१५ मध्ये २०११ च्या एएमडी ग्राफिक्सच्या मॅकबुक प्रोंसाठी वेगळी योजना काढली. पंखा जास्त फिरवणारा बायॉस दोष लांबवतो, बरा करत नाही. तुमच्या तक्रारीवर उपाय म्हणून नुसता बायॉस अपडेट सांगितला गेला तर तो करा, पण केस बंद करू देऊ नका.

मशीन देण्याआधी

मदरबोर्ड बदलला की त्यावरची टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी) चिपही बदलते आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती आधीच मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा. ती नसेल तर डेटा कायमचा अडकतो. बॅकअप तर हवाच. सीरियल नंबरची पट्टी, चारही कडा, बिजागऱ्या, खालचे स्क्रू यांचे फोटो घ्या. कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटीची शेवटची तारीख बिलाशी जुळते का पाहा. दुकानात महिनोन्महिने पडून राहिलेल्या मशीनची वॉरंटी तिथे आधीपासून सुरू झालेली दिसते, ती बिल पाठवून दुरुस्त करून घेता येते. शहादा, नवापूर, चोपडा अशा ठिकाणी असाल तर ऑनसाइट (घरी येऊन दुरुस्तीची) वॉरंटी तुमच्या पिनकोडला लागू आहे का, हे खरेदीआधीच विचारून घेतलेलं बरं. कोरिअरने पाठवायचं झालं तर मूळ खोक्यातूनच.

जॉब शीटवर (सेंटरच्या दुरुस्तीच्या कागदावर) 'हीटिंग इश्यू' एवढंच लिहू देऊ नका. असं लिहायला लावा: "खोली ३० अंश. लोड दिल्यावर १२ मिनिटांत जीपीयू ८७, हॉट स्पॉट ११५, क्लॉक निम्म्यावर, नंतर स्क्रीन काळी. नोंद ४१०१." काउंटरवरच्या माणसाने नकार दिला तर हाच मजकूर केस नंबर टाकून त्याच दिवशी ईमेल करा.

बोर्ड बदलूनही पुन्हा का जातो

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. इंजिनिअर नवा बोर्ड आणतो आणि त्यावर जुनाच हीटसिंक, जुनेच पंखे, जुनेच थर्मल पॅड (मेमरीची उष्णता हीटसिंककडे नेणारे मऊ तुकडे) चढवतो. पॅड एकदा दबले की पुन्हा तेवढे फुगत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरचा पॅड टाकला तर हीटसिंक उचलला जातो आणि चिपवर टेकतच नाही. उलट झालं तर ग्राफिक्स मेमरी उघडी पडून तापते. हीटसिंक किंचित वाकलेला असेल तर डोळ्यांना दिसत नाही, हॉट स्पॉटच्या फरकातच दिसतो. शिवाय बदली आलेला बोर्ड कोरा असेलच असं नाही, दुरुस्त करून पाठवलेलेही येतात.

म्हणून बोर्डाची केस मंजूर होतानाच हीटसिंक आणि पंख्यांचा संच, पॅडसह, त्याच केसमध्ये मागवायला सांगा. दुसऱ्यांदा जात असेल तर चार्जरही. इंजिनिअर पेस्ट लावत असताना शेजारी उभं राहा: जुनी पेस्ट पूर्ण पुसली का, स्क्रूवर छापलेल्या क्रमांकांच्या क्रमाने कसले का.

काम झालं की विंडोज उघडल्याबरोबर सही मागितली जाते. देऊ नका. आधी तीच अर्ध्या तासाची चाचणी, तेच लॉगिंग. वाढ आणि हॉट स्पॉटचा फरक पूर्वीच्या नोंदीशी ताडा. बायॉसमध्ये जाऊन सीरियल नंबर खालच्या पट्टीशी जुळतो का पाहा. नव्या बोर्डात तो इंजिनिअरला भरावा लागतो, आणि तो राहिला तर पुढच्या वेळी मशीन वॉरंटीत सापडतच नाही. विंडोज ॲक्टिव्हेट आहे का तेही बघा. बदललेल्या पार्टचे नंबर जॉब शीटवर हवेत. बदललेल्या पार्टला सहसा ९० दिवस किंवा मूळ वॉरंटीचे उरलेले दिवस, जे जास्त असेल तेवढं संरक्षण मिळतं. आपल्या कंपनीच्या अटींत ते तपासा.

तरीही पुन्हा गेला तर

किती दुरुस्त्यांनंतर मशीन बदलून द्यायचं याचा ठराविक आकडा भारतातल्या कायद्यात नाही. तरी तोच दोष तिसऱ्यांदा आला की दुरुस्ती मागणं थांबवा आणि बदली मशीन किंवा पैसे परत मागा, लेखी. सर्व केस नंबर, तारखा, बदललेले पार्ट आणि मशीन किती दिवस सेंटरमध्ये होतं याचा एका पानाचा तक्ता जोडा. फोनवर मिळालेलं आश्वासन त्याच संध्याकाळी ईमेलने "आपण असं म्हणालात" म्हणून पाठवा.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीतही बोलता येतं, आणि बरीच प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर कंपनी आणि विक्रेता दोघांना १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने, मग जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे मशीन ऑनलाइन मागवलं असलं तरी मुंबई-बंगळूरला जावं लागत नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतं. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. उत्पादनातला दोष दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. एकाच दोषाच्या तीन जॉब शीट आणि ३५ अंशांच्या आतल्या नोंदी तिथे बोलतात. गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो.

बिल कोणाच्या नावावर आहे तेही बघा. फर्मच्या नावाने, जीएसटी क्रमांक टाकून घेतलेल्या लॅपटॉपवर 'व्यावसायिक हेतूची खरेदी, हा ग्राहकच नाही' असा आक्षेप कंपनीचा वकील हमखास घेतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगारात वापरलेली वस्तू कायद्याने त्यातून वगळली आहे, पण तसं तक्रारीत स्पष्ट लिहावं लागतं. एकट्याने स्टुडिओ किंवा डीटीपी चालवणाऱ्याने हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात घालावं.