ड्वार्फ हॅमस्टर पाळताय? मग या चुका टाळा

हालत नाही म्हणजे मेला, असं धरून चालणं

थंडीतले सकाळचे फोन मला आता पाठ झालेत. "हॅमस्टर गेला, अंग गार पडलंय." बेळगावात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 13-14 अंशांवर येतो, आणि लोकांचा पिंजरा असतो कुठे, तर खिडकीत नाहीतर मागच्या पडवीत, थेट फरशीवर. ड्वार्फ म्हणजे बुटक्या हॅमस्टरचं वजन 30 ते 50 ग्रॅम, त्यातली रोबोरोव्हस्की जात तर 20-25 ग्रॅमचीच. एवढ्याशा अंगात ऊब टिकणार किती? गारठा वाढला, त्यात दाणा कमी पडला, की तो शरीराचं सगळं काम मंद करून पडून राहतो. विंटर व्हाइट जातीत हे जास्त दिसतं. तिचं मूळ सायबेरिया-कझाकस्तानच्या माळावरचं. श्वास इतका सावकाश चालतो की वरवर बघून कळत नाही.

वडगावातल्या एका घरी मी पोचले तेव्हा परड्यात खड्डासुद्धा काढून झाला होता. मुलगी रडून रडून दमलेली, वडील खुरपं घेऊन उभे. "आता बघून काय उपयोग वहिनी, रात्रीच गेलंय की ते." मी बुटाच्या खोक्यातून त्याला उचललं. अंग गार होतं, पण ताठ नव्हतं. मागचा पाय हळूच ओढला तर वाकत होता. पायरीवर बसून ओंजळीत धरला, वर मऊ फडकं घेतलं. बराच वेळ काहीच नाही. मग एक मिशी हलली. नंतर सगळं अंग थरथरायला लागलं. अर्धा-पाऊण तास गेला असेल, त्याने डोळा उघडला. पाण्याचा थेंब तोंडाशी धरला तर चाटला. त्या वडिलांनी खुरपं खाली ठेवलं आणि तिथंच मट्कन बसले.

म्हणून हात जोडून सांगते, पुरायची घाई करू नका. हाताच्या उबेने हळूहळू गरम करा. हेअर ड्रायर नको, गरम पाण्याची पिशवी अंगाला चिकटवू नका, उन्हात तर मुळीच ठेवू नका. शुद्धीवर आला की पाणी आणि दाणा द्या. आणि पिंजरा त्याच दिवशी आतल्या खोलीत, टेबलावर हलवा. 18 ते 24 अंश त्याला मानवतात.

एप्रिल-मेमध्ये उलटं. पारा तिशीपलीकडे गेला की उष्माघाताची भीती, त्यात दुपारी वीज जाते. मी पिंजऱ्यात बिनरंगाचं मातीचं कौल ठेवते. त्याला उकडलं की तो आपणहून त्यावर पसरतो.

"एकटा कंटाळेल" म्हणून जोडी आणणं

या वाक्याने जेवढे जीव गेलेत तेवढे आजाराने गेले नसतील, असं माझं मत आहे. दुकानदार सांगतो, "दोघी बहिणी आहेत, भांडत नाहीत." ओळखीतल्या एका घरी त्या 'बहिणीं'ना महिन्याच्या आत सहा पिल्लं झाली. गाभण राहिल्यापासून 18 ते 21 दिवसांत मादी विते, आणि पिल्लं चार-पाच आठवड्यांची झाली की तीही वयात येतात. मुलांनी हौसेने घरटं उचकून पिल्लं हातात घेतली. बिथरलेल्या आईने रात्रीत तीन मारली. ती मुलं अजून त्या खोलीत जात नाहीत. नर-मादी ओळखता येत नसेल तर एकच आणा. दोन नर असोत की दोन माद्या, आज गोडीने झोपतात आणि उद्या एकाचा कान फाटलेला असतो. ज्याला घाईने जोडी हवी आहे, त्याने दोन पिंजऱ्यांची जागा आणि पैसा आधी तयार ठेवावा.

बाकीच्या चुका

पाण्याने आंघोळ घालू नका. नदीची वाळू चाळून, धुऊन, तव्यावर भाजून गार करा आणि वाडग्यात ठेवा, तो स्वतः लोळून साफ होतो. पावडरसारखी बारीक धूळ मात्र नको, ती फुफ्फुसात जाते.

वखारीतला भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. देवदार-पाइनसारख्या वासाच्या लाकडाने श्वासाचा त्रास होतो. पिंजर म्हणजे पेंढा पावसाळ्यात बुरशी धरतो, कापसाचे धागे पायात गुरफटतात. मी न छापलेला कागद बारीक फाडून आठ-दहा इंच थर देते. त्याला खोल बीळ करायला आवडतं. पावसाळ्यात ओला कोपरा रोज बदलते.

गजांचं चाक काढून टाका, पाय अडकून मोडतो. सलग पृष्ठभागाचं, 20 सेंटीमीटरच्या आसपासचं चाक घ्या. बाजारातले रंगीत छोटे पिंजरे मला बघवत नाहीत. त्याच पैशात मोठा प्लास्टिकचा डबा किंवा जुनी माशांची टाकी मिळते. वर जाळी बसवा.

नुसत्या सूर्यफुलाच्या बिया म्हणजे नुसती चरबी. जोंधळा, राळे, नाचणी, थोडी करडई, चिमूटभर जवस असं मिसळून दिवसाला एक चमचा पुरतं. कॅम्पबेल जातीला मधुमेह लवकर होतो, तेव्हा गूळ, केळं, आणि लाडाने दिलेला कुंदा पूर्ण बंद. कांदा-लसूण, लिंबू-संत्रं, चॉकलेटही नको.

नवा आणल्यावर पहिला आठवडा हात लावू नका. मग तळहातावर दाणा धरून बसा, त्याला येऊ द्या. मुलांनी जमिनीवर बसूनच धरायचं. उभ्याने हातातून निसटला तर पाठ मोडते.

आणि घरातलं उरलेलं अँटिबायोटिक सिरप थेंबभरसुद्धा देऊ नका. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन यांनी त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि तो जुलाबाने जातो. आपल्याकडचे बरेच जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्रीच बघतात. म्हणून हॅमस्टर घरी यायच्या आधीच दोन-तीन दवाखान्यांत फोन करा, एवढा लहान प्राणी बघता का ते विचारा, आणि हो म्हणणाऱ्याचा नंबर पिंजऱ्यावरच चिकटवून ठेवा.