बीपी, शुगर आणि छातीचं दुखणं: आरोग्य केंद्रात या चुका टाळा

आम्ही दोन वैद्यकीय महाविद्यालयांतले शिक्षक मिळून मराठवाड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर डॉक्टर-सिस्टरांना शिकवायला जातो. केंद्रं बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे जळजळीला पित्त समजणं. बीड जिल्ह्यातल्या एका केंद्रावर आमचं सत्र चालू होतं. बाहेर बाकावर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या, जुना मधुमेह, नुकत्याच ऊसतोडीहून परतलेल्या. "सकाळपासनं आग पडलीय, हातपाय गळाल्यात," म्हणाल्या. घामानं पदर ओलाचिंब. पित्ताचं इंजेक्शन देऊन झालं होतं. ईसीजी काढा म्हटलं तर मशीन कपाटात आणि किल्ली असलेल्या सिस्टर लसीकरणाला गेलेल्या. पाऊण तास गेला. ईसीजीच्या दोन, तीन आणि एव्हीएफ लीडमध्ये (हृदयाच्या खालच्या बाजूची पट्टी) एसटी रेघ वर गेलेली, म्हणजे हार्ट अटॅक. अ‍ॅस्पिरिन चावून खायला लावली, 108 बोलावली, अंबाजोगाईला पाठवलं. बाई वाचल्या, पण आता विहिरीपर्यंत चालल्या तरी धाप लागते.

मधुमेहात नसा बधिर होतात, छातीत कळ येईलच असं नाही. नुसता घाम, मळमळ, धाप असली तरी 10 मिनिटांत ईसीजी झाला पाहिजे. आणि बीपी न बघता सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीच्या कळेवरची बीपी उतरवणारी गोळी, जिभेखाली ठेवू नका. कुठल्याही केंद्रावर गेलो की मी आधी मशीन टेबलावर आहे का, कागदाचा रोल आहे का ते बघतो. स्लाइड नंतर.

दुसरी चूक, एसटी बसमधून उतरून आलेल्याचं उभ्या उभ्या बीपी घेणं. 5 मिनिटं बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, बोलणं बंद. चहा-तंबाखू होऊन अर्धा तास झालेला असावा. नवे डॉक्टर म्हणतात, "सर, ओपीडीत एवढा वेळ कुठंय?" घाईत चुकीचा आकडा लिहून माणसाला आयुष्यभराच्या गोळ्या लावायला मात्र वेळ असतो, याचा मला राग येतो. रांगेतच खुर्च्या मांडा, ती 5 मिनिटं आपोआप मिळतात. जाड दंडाला लहान कफ बांधला तर बीपी जास्तच दाखवणार.

त्रास काहीच नाही आणि बीपी 200, म्हणून निफेडिपिनची कॅप्सूल जिभेखाली फोडणं आजच थांबवा. बीपी एकदम कोसळून लकवा होऊ शकतो.

चहा-बिस्कीट खाऊन आलेल्याची शुगर उपाशीपोटीची म्हणून लिहू नका. मधुमेह ठरवायची उपाशीपोटीची 126 ची रेघ त्याला लागू नाही.

दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर निघालेल्या ऊसतोड जोडप्याला पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन काय होणार? मी वैशाखापर्यंतचा हिशोब विचारतो, जमेल तेवढ्या जास्त गोळ्या देतो आणि औषधांची नावं मराठीत लिहिलेलं कार्ड पिशवीत ठेवायला सांगतो.

एक चूक आम्हा शिकवणाऱ्यांचीही. एका महाविद्यालयानं उपचाराची पहिली गोळी एक सांगायची, दुसऱ्यानं दुसरीच; ऐकणाऱ्यानं काय करावं? आता निघण्याआधी आम्ही एकच कागद ठरवतो. आणि प्रत्येकानं स्वतःच्या हातानं ईसीजीच्या लीड लावून दाखवल्याशिवाय मी प्रमाणपत्रावर सही करत नाही.