मोटर लावलेल्या सायकलची चेन सारखी पडते? सुरुवात मागच्या चाकापासून करा

चेन पडायला लागली की सगळ्यांचा हात आधी टेन्शनरकडे, म्हणजे फ्रेमला क्लॅम्पने बसवलेल्या चेन ताणणाऱ्या चकतीकडे जातो. माझाही गेला होता. टेन्शनर आवळला, चेन ताठ झाली, मी खूश. शेताच्या वाटेवर जेमतेम दोन फेऱ्या झाल्या आणि तो टेन्शनर फिरून थेट चाकाच्या तारांमध्ये घुसला. सात तारा गेल्या. टेन्शनरला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी, हे तेव्हा कळलं.

हे सगळं टू-स्ट्रोक इंजिनच्या नेहमीच्या किटबद्दल आहे : डाव्या बाजूला ४१५ नंबरची चेन, इंजिनावर १० दातांचं आणि मागच्या चाकावर ४४ दातांचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र), आणि ते स्प्रॉकेट रबराच्या दोन चकत्यांमध्ये तारा दाबून ९ बोल्टांनी बसवलेलं.

पेट्रोलचा कॉक बंद करा, प्लगची टोपी काढा, क्लच दाबून लॉक करा आणि चेन उतरवून ठेवा. मागचं चाक अधांतरी राहील अशी सायकल टांगा. उलटी केलीत तर टाकीतलं पेट्रोल गळतं. चेन आणि दाते यांच्यामध्ये बोट किंवा फडकं जाऊ द्यायचं नाही, चाक हाताने फिरवत असलात तरी.

आता चाक. रिम धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. डगडग असेल तर एक्सलवरचे कोन (बेअरिंग धरून ठेवणारे नट) आवळा. सैल तारा आवळा, आउट म्हणजे चाकाचा वाकडेपणा काढा. आउट काढणं जमत नसेल तर सायकलवाल्याकडून काढून घ्या, त्यात कमीपणा नाही. चाक चिमट्याच्या (चाक धरणाऱ्या फ्रेमच्या मागच्या नळ्यांच्या) बरोबर मध्ये बसवून एक्सलचे नट आवळा. डुलणाऱ्या चाकावर स्प्रॉकेट सरळ बसवायला गेलात तर दिवस फुकट जाईल.

स्प्रॉकेटला खरा वेळ द्या. एक जाड तार फ्रेमला बांधा आणि तिचं टोक दातांच्या अगदी जवळ आणा. चाक सावकाश फिरवा. आधी वर-खाली उडी बघायची. स्प्रॉकेटचं भोक आणि हब (चाकाचा मधला तुंबा) यांच्यातली फट सगळीकडे सारखी नसेल तर उडी येते. बोल्ट थोडे सैल करा, पत्र्याच्या डब्याच्या पट्ट्या कापून फटीत घाला आणि स्प्रॉकेट मध्यावर आणा. उडी राहिली तर चेन एका जागी ताठ आणि दुसरीकडे सैल होते, मग टेन्शनर कितीही फिरवा.

उडी गेली की बाजूचा डोल. दाते जिथे बाहेर येतात तिथला बोल्ट पाव फेरा आवळा, समोरच्या बाजूचा किंचित सैल करा, परत फिरवून बघा. एकच बोल्ट एका दमात कसू नका. रबर फुगतं आणि तारा वाकतात. डोल अर्ध्या सुताच्या, म्हणजे साधारण दीड मिलिमीटरच्या आत आला की पुरे. शून्यावर आणायच्या हट्टापायी मी एक अख्खी दुपार घालवली आहे.

आता ओळ. सरळ लोखंडी पट्टी मागच्या स्प्रॉकेटच्या बाजूला टेकवा आणि पुढच्या दातांपर्यंत न्या. पट्टी नसेल तर ताणलेली सुतळीही चालते. पुढचे दाते ओळीत नसतील तर इंजिनाचे माउंट सैल करून इंजिन थोडं वळवा. फरक जास्त असेल तर मागचं स्प्रॉकेट काढून उलटं बसवा. ते मध्ये खोलगट असतं, त्यामुळे उलटल्यावर दाते काही मिलिमीटर आत किंवा बाहेर सरकतात. चेन टायरला किंवा चिमट्याला घासत नाही ना, हेही तेव्हाच बघा.

मग चेन चढवा. लांब असेल तर कड्या काढा. जोडकडीच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. चाक फिरवत चेन सगळ्यात ताठ कुठे होते ती जागा शोधा आणि तिथे चार ते सहा सूत ढील ठेवा, म्हणजे साधारण १२ ते १८ मिलिमीटर.

टेन्शनरची पाळी आता. त्याची चकती चेनच्या ओळीत यायला हवी. चिमट्याची नळी मागे निमुळती होत जाते, त्यामुळे चकती तिरकी बसते. ब्रॅकेट पकडीत धरून पीळ देऊन सरळ करा. क्लॅम्पखाली ट्यूबचा तुकडा घालायची सवय अनेकांना असते. मी घालत नाही, कारण त्यावर क्लॅम्प घसरतो. चकतीने चेनला नुसता स्पर्श करावा. चेन ओढून धरायला तिचाच आधार लागत असेल तर चेन अजून लांब आहे.

हाताने दहा-बारा फेरे मारून आवाज ऐका. लयीत टक-टक आला तर कुठेतरी उडी राहिली आहे. नंतर किलोमीटरभर चालवा, तीही स्वतःच्या आवारात किंवा शेतात. २५ सीसीच्या वरचं इंजिन लावलं की सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते, आणि नोंदणीशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही. परत आल्यावर नऊही बोल्ट पुन्हा आवळा, समोरासमोरचे जोडीने. नवं रबर दबतं आणि बोल्ट सैल पडतात, म्हणून १०-१५ किलोमीटरनंतर आणखी एकदा पाना फिरवा.