नाताळची चांदणी टांगताना या चुका टाळा

दिवाळीची माळ नाताळपर्यंत तशीच लटकत ठेवायची, ही आमच्या जालन्यातली सर्रास सवय. दोन महिने ऊन खाऊन वायरीचं प्लॅस्टिक कडक होतं आणि वाकवलं की तडकतं. हे मला कळायला हवं होतं, कारण वायरमनकी करून माझे केस पिकले. पण दिव्याखाली अंधार. एका नाताळला पहाटे भाचा चांदणी सरळ करायला शिडीवर चढला आणि ओरडला, "मामा, पत्रा चावायलाय!"

माळ पत्र्याच्या धारेवरून खाली सोडली होती. वाऱ्याने घासून तिथेच वायर सोलली, त्यात रात्रीचं दव. पोरगं वाचलं, कारण पायात रबरी चप्पल होती.

अशा वेळी बहुतेकांचा प्रश्न एकच: एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या बोर्डातलं आपोआप पडणारं बटण, का पडलं नाही? एमसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्ट झाल्यावर पडते. माणसाच्या अंगातून जाणारा करंट तिच्या हिशोबी काहीच नसतो. त्यासाठी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारं बटण, लागते, आणि पत्र्याचं घर किंवा लोखंडी ग्रिल असेल तर ती बसवाच. बाजारातल्या स्वस्त माळेत ट्रान्सफॉर्मर नसतो. साठ-सत्तर एलईडी एकामागे एक जोडून त्या थेट २३० व्होल्टवर चालवलेल्या असतात. दिवा इवलासा दिसतो म्हणून शॉकही इवलासा समजू नका. पत्र्याच्या धारेवर अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून बसवा आणि माळ त्यावरून न्या. खिळ्याला वायर गुंडाळू नका, सुतळीने बांधा.

आणखी एक. बटण बंद केलं म्हणजे माळ मेली असं नाही. एक्स्टेन्शनचा दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही बसतो. तो उलटा बसून बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर आलं, तर दिवे विझतात पण वायरीत करंट राहतो. माळेला हात लावायचा तर प्लगच काढा.

अर्धी माळ पेटते, अर्धी नाही? किंवा फक्त लाल गेली? मग त्या लाइनीतल्या एखाद्या एलईडीचा पाय तुटला आहे, बहुतेक जिथे माळ ओढून बांधली असते तिथेच. लांबून वाजणारा टेस्टर असेल तर प्लग काढून वायरी वेगळ्या करा, मग प्लग लावून, माळेला हात न लावता, टेस्टर प्लगकडून पुढे सरकवत जा. आवाज जिथे थांबतो तिथेच तुटलंय. टेस्टर कुठेच वाजला नाही तर प्लग उलटा लावून बघा. तुटलेला दिवा कापून वायरी नुसत्या पिळून जोडणारे खूप आहेत. एकदा चालतं. दर वर्षी दोन-चार दिवे कमी करत गेलात, तर उरलेल्यांवर व्होल्टेज वाढतं आणि एका रात्री सगळी माळ जाते.

चांदणीत जुना साठचा बल्ब घालू नका. कागद आधी पिवळा पडतो, मग करपतो. पाच-सात वॅटचा एलईडी भरपूर झाला. चांदणीचा भार वायरीवर नको, दोरीवर हवा.

गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मात्र काळजीने करा. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हापासून तिथे नाताळ आहे आणि गव्हाणीला कडबा घरचाच. बर्फ म्हणून वेचणीचा कापूस. दिसतं झकास, पण कडबा आणि कापूस म्हणजे पेट घ्यायला टपलेला माल. त्यात गरम बल्ब किंवा मेणबत्ती अजिबात नको. माळेचा कंट्रोलर डबाही कडब्यात लपवू नका, तो तापतो.

हनुक्का म्हणजे ज्यूंचा आठ रात्रींचा दिव्यांचा सण. त्याचे दिवे लावणारी घरं मराठवाड्यात फारशी नाहीत. एक बेने इस्राएली, म्हणजे कोकणातला ज्यू, मित्र बदली होऊन इकडे आला होता. कोकणातल्या सवयीने त्याने पणत्यांत खोबरेल ओतलं. आमच्या थंडीत ते थिजलं आणि वाती पेटेनात. मी करडईचं तेल दिलं, मग जमलं. त्याच्याकडून एक गोष्ट शिकलो: दिवे उजवीकडून मांडत न्यायचे, पण पेटवताना सुरुवात सगळ्यात नव्या दिव्यापासून, म्हणजे डावीकडून. ज्या दिव्याने बाकीचे पेटवायचे तो शमाश, नववा. आठ रात्रींत शमाश धरून ४४ दिवे लागतात, तेवढ्या वाती आधीच वळून ठेवा. वाढदिवसाच्या बारीक मेणबत्त्या घेऊ नका. अंधार पडल्यावर दिवा निदान अर्धा तास तेवायला हवा आणि त्या तेवढ्या पुरत नाहीत. ज्योत खिडकीत ठेवली तर पडदा बाजूला बांधा, जवळ प्लॅस्टिकची माळ नको.

६ जानेवारी झाली की माळ उतरवा. ओढून नाही, सुतळ्या सोडून. मी ती पुठ्ठ्यावर गुंडाळतो आणि वर पेनाने लिहितो: "हिरवी बंद, पत्र्याच्या बाजूला सोलली होती."