खोली बघण्याआधी बोर्ड मोजा

दर वर्षी जून-जुलैत साताऱ्याच्या माण-खटावकडचा एखादा फोन ठरलेला, मुंबईच्या जेजे कलाशाळेत प्रवेश मिळालेल्या पोराचा. "दादा, जेजेला नंबर लागला. कोपरखैरण्यात मामाची खोली हाय, तिथंच राहू का?" मामा नाहीतर चुलता, पण तो माथाडी आणि खोली नवी मुंबईत कोपरखैरणे किंवा घणसोलीला, हे आपल्याकडच्या कितीतरी घरांत सारखंच. मीही तसाच आलो, 2008 साली, चुलत्याकडं, एक ट्रंक आणि चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेचं सर्टिफिकेट घेऊन. आता नेरुळला राहतो, चार पैसे चित्रांवरच कमावतो, म्हणून थोडं आगाऊपणानं सांगतो.

खोली भाडं बघून ठरवू नका, चित्र काढायचा बोर्ड बघून ठरवा. पूर्ण इम्पिरियल कागद 22 बाय 30 इंचांचा असतो आणि बोर्ड त्याहून बोटभर मोठा. हे धूड घेऊन सकाळी लोकलमध्ये शिरायचंय. कॉलेज सीएसएमटीच्या समोरच म्हणावं इतकं जवळ, पण कोपरखैरणे आणि घणसोली पडतात ठाणे-वाशी मार्गावर. म्हणजे एकतर ठाण्याला उतरून गाडी बदला, नाहीतर वाशीला. बोर्ड घेऊन जिना चढणं-उतरणं दोनदा. नेरुळ, जुईनगर, सीवूड्स हार्बरवर आहेत. एकदा बसलात की थेट सीएसएमटी, साधारण तासाभरात. भाडं थोडं जास्त पडेल, पण हात शाबूत राहतील. ठाण्यात राहणार असाल तर कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्या फास्टच्या नादी लागू नका. ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडा. वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातात, पण बोर्ड उभा करायला जागा मिळते. मालडब्यात भाजीवाले, कोळणी, डबेवाले असतात. एकदा ओळख झाली की तेच "ए पेंटर, इकडं ठेव" म्हणतात.

पासचं आधीच सांगून ठेवतो. विद्यार्थ्यांना सवलतीचा पास मिळतो, कॉलेजातून फॉर्म घ्यावा लागतो. माझ्या रेशनकार्डावर गावचा पत्ता होता, त्यापायी पहिले दोन महिने मी पूर्ण पैसे भरले. इथल्या पत्त्याचा कागद पहिल्याच आठवड्यात तयार करा.

घरमालकाला तुम्ही काय शिकता ते लपवू नका. मी लपवलं. दुसऱ्या वर्षी तेलरंग सुरू झाले, टर्पेंटाइनचा वास जिन्यापर्यंत जायला लागला, आणि एका रात्री प्रशियन ब्लूची ट्यूब पायाखाली आली. पांढऱ्या टाइल्स. घासून घासून डाग आणखी पसरला आणि डिपॉझिटमधले चार हजार गेले. मालकाचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. जमिनीवर जुना फ्लेक्स अंथरा. निवडणूक झाली की हवे तेवढे मिळतात. रात्री झोपताना तेलाच्या चिंध्या खोलीत गोळा करून ठेवू नका, जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप तापून पेट घेऊ शकते. बादलीत पाणी घालून त्यात बुडवून ठेवा.

पावसाळा हे वेगळंच प्रकरण आहे. आपल्याकडं पाऊस येतो की नाही याची काळजी, इथं तो थांबतो कधी याची. कागद दमट होतो, जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर, वाळतच नाही, आणि ऑगस्टपर्यंत भिंतीला टेकवलेल्या शीटवर बुरशीचे ठिपके दिसतात. शीट भिंतीपासून वीतभर लांब, पलंगाखाली प्लॅस्टिकात ठेवा. शीट गुंडाळून न्यायला दुकानातली महागडी ट्यूब घेऊ नका. हार्डवेअरवाल्याकडून चार इंची पीव्हीसी पाइप कापून घ्या, दोन्हीकडं टोपण लावा, सुतळीनं खांद्याला अडकवा. कुर्ल्याजवळ रुळांवर पाणी भरून गाडी तीन तास उभी राहिली होती, तेव्हा मी भिजलो पण सबमिशन कोरडं राहिलं. पोस्टर कलर जाड लावला असेल तर मात्र गुंडाळू नका, तडे जातात.

प्रवेशाबद्दल फार बोलत नाही, कारण नियम बदलत असतात. जेजेला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या वेळच्या गोष्टींवर विसंबू नका, त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा हात मात्र चालू ठेवा, तो कुठंच वाया जात नाही.

वर्गात पहिल्या महिन्यात बुजायला होतं. काही पोरं इंग्रजीत बोलतात, टॅबवर काढतात, त्यांच्या घरी भिंतीवर खरी पेंटिंग असतात. त्यांना रझा, गायतोंडे असे चित्रकार तोंडपाठ. आपल्याला धुरंधर माहीत असतात तेही कॅलेंडरमुळं. (धुरंधर कोल्हापूरचे, आणि जेजेचेच विद्यार्थी. हे कुणाला सांगायला लाजू नका.) ज्युरीत, म्हणजे सर लोक काम तपासतात तेव्हा, "कन्सेप्ट काय?" असं विचारतील. घाबरून मोठे शब्द फेकू नका. काय बघितलं आणि ते तसंच का काढलं, एवढं मराठीत नीट सांगता आलं तरी चालतं. माझ्या एका शीटला सर "बरंय" म्हणाले, तेवढ्यावर मी सहा महिने काढले.

बघायला मात्र कंजुषी करू नका. सीएसएमटीला उतरलात की मान वर करा: मोर, माकडं, पानं, तोंडं. ते नक्षीकाम जेजेतले शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली याच शाळेतल्या विद्यार्थ्यांनी केलंय. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची उठावशिल्पं लॉकवुड किपलिंग यांची, तेही इथंच शिकवायचे. जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही, शनिवारी जा. कागद-स्टेशनरीसाठी अब्दुल रहमान स्ट्रीट चालत जाण्याइतकी जवळ. चार जण मिळून घेतलं की भाव उतरतो.

आणि मॉडेल हवं असेल तर मामाकडं जा. लाइफ क्लासमध्ये माणूस न हलता बसतो. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पहाटे माणूस पाठीवर गोणी घेऊन चालतो, गुडघे वाकलेले, मान पुढं, मानेची शीर तटतटलेली. वजन कुठं पडतं ते तिथंच कळलं मला. आमचा चुलता मशीद बंदरला बाजार होता तेव्हापासूनचा, त्यानं मला गाळ्याच्या कोपऱ्यात उभं केलं आणि सगळ्यांना सांगितलं, "पुतण्या हाय, चित्रं काढतोय, काढू द्या." न विचारता कुणाचं चित्र काढू नका. काढलं की दाखवा. एका काकांनी स्वतःचं चित्र बघून विचारलं होतं, "एवढा बारीक झालो व्हय मी?" आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

येताना गावाहून शेंगदाण्याची चटणी आणालच. सोबत आजीचं जुनं सुती लुगडं मागून आणा, ब्रश पुसायला. नायलॉनची साडी नको, ती पाणी पीत नाही.