कुलूप लावण्याआधी मांजर दिसलं का? या चुका टाळा

"मांजर काय, राहतं एकटं!" बडोद्यात हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता वाद न घालता मी आमच्या बोक्याच्या, गोट्याच्या पोटावरचा टाक्यांचा वणच दाखवते.

उत्तरायणातली, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीतली गोष्ट. १४ जानेवारीला आम्ही सगळे रावपुऱ्यात नणंदेच्या गच्चीवर, गोट्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी. खाणं, पाणी, शी-शूचा रेतीचा ट्रे, सगळं ठेवलं होतं. लेकाची पतंगाच्या दोऱ्याची फिरकी मात्र दिवाणावरच राहिली. रात्री येऊन बघतो तर दोरा घरभर, गोट्या दिवाणाखाली. खेळला असेल, असं म्हणून दोरा गुंडाळला आणि झोपले. ही माझी दुसरी चूक. दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, सकाळी तो दोनदा ओकला आणि दुपारी शेपटीखाली गुलाबी दोरा लोंबताना दिसला. शेजारच्या काकी म्हणाल्या, "ओढून टाक गं." नशीब, ओढला नाही.

मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, ते गिळतच जातं. एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलं की आतडी दोऱ्यावर गोळा होतात, नाडी ओढल्यावर लेंग्याचा नेफा चुणतो तशी. वर आपण ओढलं तर आतडं आतून चिरतं. गोट्याचं ऑपरेशन झालं, वाचला. तेव्हापासून फिरकी, लोकर, सुई-दोरा, राख्या, मिठाईच्या खोक्याची दोरी, सगळं कपाटात.

आणि कपाट लावताना आत बघा. शाल काढायला उघडलेल्या कपाटात मांजर कधी शिरतं, कळत नाही. मी निघताना मांजर डोळ्यांनी बघते, मगच कुलूप. हाक मारून उपयोग नाही, ओ देईल तर ते मांजर कसलं! रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत असला तरी वाजवू दे.

वाऱ्याने दार आपटलं तर ट्रे पलीकडे आणि मांजर अलीकडे. दाराला वीट लावा. खिडकीला जाळी हवीच. लिलीची फुलं घरात नकोत, नुसता पराग चाटला तरी मूत्रपिंडं जातात. पॅरासिटामॉलची गोळी टेबलावर विसरू नका, मांजराला ती विष आहे. बडोद्याच्या मे महिन्यात पाणी एका वाटीत नव्हे, तीन ठिकाणी.

आता उतावळ्यांबद्दल. मांजर आणून आठवडा झाला नाही तोच विचारतात, खाणं देणारं कुठलं मशीन घेऊ, म्हणजे चार दिवस द्वारकेला जाता येईल? मशीन खाणं टाकतं, खाल्लं की नाही ते बघत नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर चरबी चढू शकते, जाड मांजराला तर हा धोका जास्तच. बोक्याची लघवी अडली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. कॅमेऱ्यात तो ट्रेमध्ये बसलेला दिसेल, पण द्वारकेहून हात कसा पोचणार? मोठं मांजर एक दिवस राहील. त्यापुढे रोज माणूस यायलाच हवा. पिल्लाला तर एक दिवसही नाही.

आमची किल्ली त्याच काकींकडे असते. गठ्ठा होणारी रेती वापरते आणि त्यांना एकच काम सांगते: ट्रेमधले लघवीचे गोळे मोजा आणि फोन करा. नाक मुरडतात, पण मोजतात.