नव्वदच्या पुढे गाडी थरथरते: दोष कसा शोधावा

ऐंशीपर्यंत गाडी गुमान चालते, नव्वद ओलांडले की स्टेअरिंग थरथरायला लागतं आणि एकशेदहाच्या पुढे पुन्हा शांत होतं. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "अलाइनमेंट करून घ्या". अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायरची एक कड झिजते. थरथर त्यातून थेट येत नाही. झिजून खडबडीत झालेला टायर पुढे थरथरतो हे खरं, पण तेव्हा अलाइनमेंट करून तो टायर गोल होत नाही. "चारही टायर बदला" हा सल्ला तर नुसता जुगार.

थरथर चाकाच्या वेगाबरोबर येते, इंजिनच्या की ब्रेकच्या, हे ठरल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

रस्त्यावरची परीक्षा

हवा सकाळी, टायर गार असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी गाडी पळवून आल्यावर मोजली, तर आकडा चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसतो आणि लोक त्यावरून हवा काढतात. ते करू नका. रात्रभर उभ्या गाडीचे टायर खालून थोडे चपटे झालेले असतात, म्हणून आधी दहा-पंधरा किलोमीटर चालवा. रस्ता डांबरी, सपाट आणि मोकळा हवा. समृद्धी महामार्गावर 120 ची मुभा आहे म्हणून तिकडे जाऊ नका. सिमेंटच्या रस्त्याचे सांधे आणि खरबरीत पृष्ठभाग स्वतःची थरथर मिसळतात, आणि मध्येच थांबून चाक बघण्याची सोयही नाही.

थरथर कुठे सुरू होते, कुठे सर्वाधिक असते, कुठे थांबते, हे शेजारी बसलेल्याला लिहायला सांगा. मग तोच वेग आधी पाचव्या आणि नंतर चौथ्या गिअरमध्ये ठेवा. इंजिनचे फेरे बदलले तरी थरथर त्याच वेगाला येत असेल, तर दोष चाकाकडे. गिअरबरोबर थरथरीचा वेग बदलला तर इंजिन किंवा त्याचे माउंटिंग बघा. उभ्या गाडीत तेवढेच आरपीएम दिले की तीच थरथर यायला हवी. फक्त जोर लावताना, म्हणजे मांजरसुंब्याच्या चढासारख्या ठिकाणी, येते आणि ॲक्सिलरेटर सोडला की जाते? मग ॲक्सलचा (चाकाला जोर पोचवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट. फक्त ब्रेक दाबल्यावर येते? ब्रेकची डिस्क. एवढ्यात निम्मं निदान होतं.

चाकाकडे बोट दाखवलं गेलं, तर एवढं लक्षात ठेवा: स्टेअरिंग थरथरलं तर बहुधा पुढचं चाक, सीट आणि फ्लोअर थरथरला तर बहुधा मागचं. खात्रीसाठी पुढची चाकं मागे लावून पुन्हा चालवा. थरथर हातातून सीटमध्ये गेली तर दोष चाकातच आहे, सस्पेन्शनमध्ये नाही. स्टेपनी मूळ चाकाच्याच मापाची असेल तर एकेक चाक बदलूनही पाहता येतं. 80 ची मर्यादा लिहिलेली छोटी स्टेपनी या कामाची नाही.

एक गोष्ट मात्र थांबून बघायची. चाळीस-पन्नासलाच गाडी डुलायला लागली आणि दिवसागणिक वाढत गेली, तर टायरच्या आतले पट्टे सुटल्याची शंका घ्या. टायरवर हात फिरवा. फुगवटा लागला की हायवेवर जायचंच नाही.

चाकं काढा, चिखल खरवडा

पावसाळ्यात आणि सुगीत शेतरस्त्यावर गेलेल्या गाडीचं हे पहिलं कारण, आणि वॉशिंगवाले ते कधी बघत नाहीत. काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते आणि वाळून विटेसारखी घट्ट होते. बाहेरून रिम चकाचक, आत शंभर ग्रॅमचं ढेकूळ. चाक खोलून, भिजवून, लाकडी पट्टीने काढा. अनेकदा काम इथेच संपतं.

बॅलन्सिंग झालं, तरी थरथर तशीच

बॅलन्सिंग म्हणजे चाक मशिनवर फिरवून हलक्या बाजूला वेट, म्हणजे वजनाचे छोटे तुकडे, लावणं. खरी डोकेदुखी इथे आहे. मशिनवर शून्य आलं, पैसे दिले, आणि हायवेला लागताच पुन्हा तेच. मग बॅलन्सिंग सोडून लोक बुश, शॉकअप, स्टेअरिंग रॅक बदलत सुटतात.

आधी हिशेब समजून घ्या. पंधरा इंची रिमच्या कडेला 20 ग्रॅमचा फरक असेल, तर 100 च्या वेगाला तो सुमारे तीन किलोचा झटका देतो, सेकंदाला चौदा-पंधरा वेळा. 50 च्या वेगाला झटका चौथाईवर येतो, म्हणून गावात काही जाणवत नाही. आता उलट बाजूने बघा. टायरसकट चाक पंधरा किलोचं धरलं आणि ते केंद्रापासून फक्त अर्धा मिलिमीटर सरकून बसलं, तर जवळपास 40 ग्रॅमचा असमतोल तयार होतो. म्हणजे मशिनवर चाक वाकडं बसवून मिळालेलं शून्य खोटं असतं.

म्हणून दुकानात उभं राहून बघा. जुनी वेट आधी काढली पाहिजेत. मशिनचा कोन (चाक मधोमध धरणारा शंकूसारखा तुकडा) रिमच्या मधल्या, हबकडच्या (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्या बाजूच्या) भोकात नीट बसला पाहिजे, कारण गाडीवर चाक त्याच भोकावर बसतं. त्या भोकातला गंज-चिखल पुसलेला हवा. शून्य आलं की मालकाला सांगा: चाक सैल करा, शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळा आणि परत फिरवा. आता दहा ग्रॅमपेक्षा जास्त दाखवलं, तर चाक मशिनवर मधोमध बसलेलं नाही किंवा मशिनच बिघडलं आहे. "असं कोणी करत नाही" हे उत्तर मिळालं तर दुकान बदला. एका चाकाला शंभर ग्रॅमच्या आसपास वेट लागत असतील, तर वेट चिकटवून दोष झाकू नका. रिम किंवा टायर वाकडा आहे.

मशिनवर खरं शून्य आलं तरी गाडीवर चाक नीट बसायला हवं. हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने काढा. बाहेरून घेतलेल्या अलॉय रिम असतील तर मधलं भोक मोजा. हबचा गोल 54.1 मिलिमीटर आणि रिमचं भोक 67.1 असेल, तर मधल्या फटीसाठी सेंटरिंग रिंग लागते. ती नसताना चाक फक्त नटांच्या भरवशावर मधोमध बसतं, आणि एअर गनने एक नट पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की ते सरकलंच. चाक अधांतरी असताना सगळे नट हाताने, समोरासमोरच्या क्रमाने लावा आणि गाडी खाली घेऊन टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा.

गोलाई मोजा

असमतोल नसलेला टायरही लंबगोल असू शकतो, आणि साधं बॅलन्सिंग मशिन ते पकडत नाही. चाक जॅकवर उचला, विटेवर स्क्रूड्रायव्हर ठेवून त्याचं टोक ट्रेडजवळ (टायरच्या नक्षीजवळ) आणा, चाक हळूहळू फिरवा. फट दीड मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-अधिक होत असेल तर तेच रिमच्या कडेवर करून बघा. रिम सरळ आणि टायर वर-खाली होत असेल, तर टायर सोडवून रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवा आणि पुन्हा बॅलन्स करा. बरेच टायर यातून वाचतात. लोखंडी रिम ठोकून सरळ होते. तडा गेलेलं अलॉय वेल्डिंग करून पुन्हा वापरू नका, पुढच्या चाकाला तर नाहीच.

उरलेलं

बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बेअरिंग यांचा खेळ चाक हलवून बघा. ते थरथर वाढवतात, सहसा निर्माण करत नाहीत.

बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा) आणि त्याचे क्रॉस (टोकांचे सांधे) तपासा. ही थरथर बारीक, घूं-घूं आवाजासारखी असते, कारण शाफ्ट चाकाच्या सुमारे चौपट वेगाने फिरतो. शाफ्ट खोलण्याआधी दोन्ही टोकांना रंगाची खूण करा आणि त्याच खुणेवर परत बसवा.

डिस्कच्या बाबतीत लेथवर घासण्याआधी जाडी मोजा. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. घासून त्याखाली जाणार असेल तर नवी जोडी घ्या, एकच नको.

चाकं पुन्हा लावल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून नट एकदा टॉर्क रेंचने तपासा.